फुलांच्या लायनीतली टाळी

रेंडर त्रेसष्ट टक्क्यांवर अडकलं तेव्हा सुयोगनं सगळ्यात आधी चहा सांगितला. हा त्याचा नियमच होता. मशीन अडलं की लगेच हात घालायचा नाही. एका चहापुरता वेळ द्यायचा. निम्म्या वेळा ते आपलं आपण मार्गाला लागतं.

चहा आला, संपला. आकडा त्रेसष्टच.

मग त्यानं नेहमीचं सगळं केलं. कॅशे पुसली. मशीन बंद करून चालू केलं. फाईल दुसऱ्या डिस्कवर नेली. इफेक्ट काढले, गाणं काढलं, आण्णांच्या नावाची सोनेरी पाटी काढली. प्रत्येक वेळी मशीन तुरुतुरु बासष्टपर्यंत जायचं आणि त्रेसष्टवर बैलासारखं बसायचं. चूक काय, ते सांगायचं नाही. बंदही पडायचं नाही. पंखा फिरत राहायचा, म्हणजे आत काहीतरी चाललेलं असायचं.

जयसिंगपुरात स्टेशन रोडला बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ होता. सुयोग तेरदाळे, वय सव्वीस. कुठला कोर्स नाही, कुठलं सर्टिफिकेट नाही. व्हिडिओ बघून बघून आणि मशीन बिघडवून बिघडवून शिकलेला. लग्नं, मुंजी, बारशी, कारखान्याच्या सभा, सगळं करायचा. ही फिल्म मात्र घरची होती. त्याचे वडील आण्णा, म्हणजे रावसाहेब तेरदाळे, चौतीस वर्षं हायस्कुलात खेळाचे शिक्षक होते. गेल्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा सेवापूर्तीचा कार्यक्रम झाला. येत्या रविवारी सगळे पाहुणे घरी जमून फिल्म बघणार होते. आज गुरुवार.

आता इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे, की अडकतं म्हणजे नेमकं काय अडकतं.

पूर्वी कॅमेरा उजेड साठवायचा. ठिपका न् ठिपका. एका लग्नात चार-चार डिस्क भरायच्या. सात-आठ वर्षांपूर्वी ते बंद झालं. आताचा कॅमेरा फक्त मापं घेतो. माणूस कुठं उभा आहे, हात किती वाकला, मान कुठं वळली, उजेड कुठनं आला. पडद्यावर नुसत्या रेघा उमटतात, शिंप्यानं खडूनं आखलेल्या कापडासारख्या. तीन तासांचा कार्यक्रम एका जुन्या गाण्याएवढ्या जागेत मावतो. मग रेंडर लावलं की कंपनीच्या सर्व्हरवरनं प्रत्येक माणसाचा साचा येतो आणि त्या रेघांत भरला जातो. चेहरा, कातडी, केस. आवाजसुद्धा. साचा दर वेळी थोडा थोडा सुधारत जातो. माणूस म्हातारा होतो तसा साचाही होतो. प्रत्येक घराचं एक खातं असतं, त्यात घरच्यांचे साचे. कार्यक्रमाला आलेल्यांनी दारातल्या खांबासमोर तोंड दाखवलं की तेवढ्या फिल्मपुरती त्यांच्या साच्याची परवानगी मिळते.

थोडक्यात, सुयोगच्या कॅमेऱ्यात माणसं कधी नव्हतीच. माणसं नंतर यायची.

दहा वाजता आण्णांचा फोन आला. झालं का, विचारलं. सुयोग म्हणाला, चाललंय. आण्णा म्हणाले, अध्यक्षांच्या भाषणाला कात्री लावू नको, माणूस दुखावतो. बरं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग त्यानं अर्ध्याचं अर्धं करायला घेतलं.

ही युक्ती साधी आहे. फिल्म अडते, पण कुठं अडते ते कळत नाही. मग तिचे मधोमध दोन तुकडे करायचे आणि दोन्ही वेगळे लावायचे. एक होतो, एक अडतो. अडलेल्याचे पुन्हा दोन. पुन्हा दोन. तीन तासांची फिल्म असली तरी अठरा-एकोणीस वेळा कापलं की बोट बरोबर त्या एका फ्रेमवर येतं. ही युक्ती त्याला त्याच्या बहिणीनं शिकवली होती. तिला कुणी शिकवली नव्हती, तिनं स्वतःच काढली होती. त्या वेळी त्याला वाटायचं ही जादू आहे.

दुपारी एकपर्यंत तो नवव्या तुकड्यावर आला. अडचण फुलांच्या लायनीत होती.

फुलांची लाईन म्हणजे कार्यक्रमाचा शेवट. माजी विद्यार्थी रांगेनं यायचे, सरांना गुलाब द्यायचे, आणि शाळेच्या जुन्या रिवाजाप्रमाणे स्वतःचं पूर्ण नाव, तुकडी आणि दहावीचं साल सांगायचे. आण्णांनी हजेरी घेतल्यासारखी मान हलवायची. चारशेच्या वर माणसं होती. कॅमेरा स्टेजच्या पायरीपाशी ट्रायपॉडवर होता आणि सुयोग त्याच्या मागं. कानात मिक्सरचा हेडफोन, त्यात लायनीपुरती लावलेली सनई, डोळे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर. लायनीतला माणूस त्याच्यापासून आठ-दहा फुटांवर असायचा. पण त्यानं कुणाला बघितलं नव्हतं. या धंद्यात हॉल बघायची सवय जाते. माणूस पडदाच बघतो.

अडीच वाजता एक फ्रेम सापडली.

त्यानं तिच्या आधीच्या दहा-बारा सेकंदांचं कच्चं रेंडर लावलं. चेहरे आले. आण्णा आले, फेटा, शाल, घामेजलेलं कपाळ. एक पोलीस झालेला विद्यार्थी गुलाब देऊन पुढं गेला. त्याच्या मागं एक लहान मुलगी आली. पिवळा फ्रॉक, दोन बो. ती चालत येत होती आणि तिचा उजवा हात वर होता. सरळ वर, बोटं मुडपलेली. लहान मुलं मोठ्यांचं बोट धरून चालतात तसा.

बोट कुणाचं नव्हतं. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं.

सुयोगनं मागं घेऊन पुन्हा बघितलं. मुलगी हात वर करून आली, आण्णांसमोर थांबली. हवेतनं एक गुलाब आला आणि आण्णांच्या हातात गेला. तिथं रेंडर अडलं.

मुलीच्या डोक्यावर सॉफ्टवेअरनं बारीक अक्षरात पट्टी दाखवली होती. रेवा, वय तीन. आडनाव त्याच्या ओळखीचं नव्हतं. हनुवटी मात्र होती. ती हनुवटी रोज त्याला सकाळी चहा द्यायची. त्याच्या आईची होती.

त्याला काही झालं नाही.  तो पाणी प्यायला. बेकरीतनं बटरचा वास येत होता. मग त्यानं भरणा बंद करून नुसत्या रेघा लावल्या.

रेघांत ती होती.

बाई. उंची पाच फूट तीन इंच, माप बाजूला लिहून आलं. उजव्या पायावर भार, डावा पाय पोटरीपाशी दुमडून मागं टेकवलेला. बगळ्यासारखी. लहानपणी शाळेत प्रार्थनेला अशी उभी राहायची म्हणून आण्णांनीच तिला सगळ्यांसमोर दोन छड्या मारल्या होत्या. तेव्हा ती त्यांना सर म्हणायची. शाळेच्या फाटकाच्या आत दोघा भावंडांनी सरच म्हणायचं, हा घरचा नियम होता.

ऋतूताई.

हे नाव घरात चार वर्षं कुणी घेतलं नव्हतं.

---

चार वर्षांपूर्वी ऋतुजानं जातीबाहेर लग्न केलं. रजिस्टर करून आली आणि दारात उभी राहिली. आण्णांनी आरडाओरडा केला नाही. ते मोरीत गेले, डोक्यावरनं चार तांबे गार पाणी घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, तिच्या नावानं आंघोळ केली. आई भिंतीला धरून खाली बसली. ऋतुजा गेली.

केस ओले असतानाच आण्णा सुयोगजवळ आले. म्हणाले, तुझ्या त्या खात्यातनं पण तिला काढ. मला तिचं तोंड कुठल्या व्हिडिओत नको.

घरच्या खात्याचा प्रमुख आण्णा, पण हाताळणारा सुयोग. अंगठा त्याचा. त्यानं फॉर्म उघडला. नाव कमी करण्याचं कारण: विवाह, विभक्त, मयत. त्यानं विवाह निवडलं. मशीन म्हणालं, संबंधित व्यक्तीची संमती लागेल. विभक्त निवडलं. तेच. मयत निवडलं. मयत माणसाची संमती कोण मागणार? फॉर्म पुढं सरकला. दाखल्याऐवजी स्वघोषणा चालेल का, विचारलं. त्यानं अंगठा ठेवला. झालं.

त्यानं तेव्हा पाप वगैरे काही मनात आणलं नव्हतं. खरं सांगायचं तर तो एक अडलेला फॉर्म होता आणि त्यानं तो सोडवला होता. दोन रस्ते बंद, तिसरा चालू, तर तिसऱ्यानं जायचं. दिवसभर तो हेच करायचा. ज्यानं काम होतं ते बरोबर.

घरचे जुने व्हिडिओ आणि फोटो आण्णांनी त्याच आठवड्यात पुसायला लावले. सुयोगला वाटलं, विषय संपला. पण मयत या शब्दाला मशीनमध्ये अर्थ होता.

मध्यंतरी मेलेल्या माणसांचे साचे वापरून नवे व्हिडिओ बनवायची साथ आली होती. मेलेले आजोबा मृत्युपत्र बदलायचे, मेलेले पुढारी मतं मागायचे. मग नियम झाला: ज्याची मयत नोंद आहे, त्याचा साचा त्या तारखेनंतरच्या कुठल्याही चित्रणात भरायचा नाही. आवाज नाही, चेहरा नाही. माणूस मेल्यावर कॅमेऱ्यासमोर येऊ शकत नाही, हे इतकं सरळ वाक्य होतं की त्यावर कुणी वाद घातला नाही. इतरांच्या फिल्ममध्ये असा माणूस मशीन गुपचूप गाळून टाकतं. घरच्या खात्यावर मात्र उलटा नियम: घरचा चेहरा, नाव कमी झालं असलं तरी, गाळून पुढं जायचं नाही.

म्हणून अडलं होतं. गुलाब देताना तिचं तोंड कॅमेऱ्याकडं वळलं, तिथं मशीन तिला ओळखत होतं. साचा मागत होतं. साच्याला कुलूप होतं. परत येत होतं, परत ओळखत होतं. त्रेसष्ट टक्क्यांवर पंखा फिरत होता तो यासाठी.

हे सुयोगला आज कळलं असं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचा एक मेसेज आला होता. एकच.

सुया, माझ्या लग्नाच्या रिसेप्शनच्या व्हिडिओत मी येत नाही. बाकी सगळे येतात. काय सेटिंग असतं रे?

तिला खरं कारण कळलं असणारच. हेल्पलाईनवाले पहिल्या मिनिटाला सांगतात. तक्रार केली असती तर खोट्या घोषणेबद्दल सुयोगवर केस झाली असती. तिनं तक्रार केली नाही. तिनं सेटिंग विचारलं. सुयोगनं मेसेज वाचला, उद्या उत्तर देऊ म्हणाला आणि फोन उपडा ठेवला. मग तो उद्या दोन वर्षं लांबला. अधूनमधून त्याच्या मनात यायचं, की आता तिला मूलबाळ झालं असेल, वाढदिवस असतील, आणि त्या व्हिडिओंमध्ये केक आपोआप कापला जात असेल. मग तो दुसरं काम काढायचा. काम कायम असायचंच.

---

फ्रेम पुढं घेतली. रेघांना कुलूप नसतं, त्या पुढं जातात.

गुलाब दिल्यावर तिच्या जबड्याची रेघ हलली. काहीतरी बोलली, चार-पाच सेकंद. आवाजाची पट्टी तिथं कोरी होती. मग तिनं मुलीला थोडं पुढं केलं. आता सुयोगनं एकट्या आण्णांचा भरणा लावला. त्यांचा साचा मोकळाच होता. आण्णांचा चेहरा आला. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांचा डावा हात खाली आला आणि मुलीच्या डोक्यावर टेकला. सुयोगनं फ्रेमा मोजल्या. एक्केचाळीस. पावणेदोन सेकंद. मग हात उचलला गेला आणि आण्णांनी मान वळवून थेट कॅमेऱ्याकडं बघितलं. म्हणजे कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या सुयोगकडं. सुयोग तेव्हा पडद्यात बघत होता.

त्यानंतर त्या रेघा लायनीतनं बाहेर पडल्या आणि सरळ कॅमेऱ्यापुढं आल्या. अगदी जवळ. दोन्ही हात वर आले आणि एकमेकांवर आपटले. एकदाच.

सुयोगनं कॅमेऱ्याच्या माईकचा ट्रॅक उघडला. हा ट्रॅक कुणी ऐकत नाही, तो फक्त आवाज जुळवायला असतो. माणसांचे आवाज त्यात नव्हते. पावलं होती, खुर्च्यांचं सरकणं होतं, आणि मधोमध एक उंच सरळ काटा उभा होता.

टाळी साच्यातनं येत नाही. टाळी ही नुसती टाळी असते.

स्टुडिओ दोघांनी मिळून काढला तेव्हा त्यांच्याकडं एकच चांगला माईक आणि दोन जुने कॅमेरे होते. चित्र एकीकडं, आवाज दुसरीकडं. म्हणून प्रत्येक शूटिंगच्या आधी ताई कॅमेऱ्यापुढं येऊन एक टाळी वाजवायची. नंतर मशीनवर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज एकमेकांखाली आणून ठेवला की सगळं आपोआप जुळायचं. आता मशीन ते स्वतःच करतं. गेली कित्येक वर्षं कुणी टाळी वाजवत नाही.

ती सुयोगला बघून थांबली नव्हती. हाक मारली नव्हती. तिला ठाऊक होतं तो पडद्यात बघत असणार. तिला हेही ठाऊक होतं की घरच्या खात्यावर रेंडर लागणार, ते अडणार, आणि तो अर्ध्याचं अर्धं करत करत या फ्रेमवर येणार. वेळ लागेल, पण येणार. दुसरा कुठलाच रस्ता ज्याच्यासाठी उरला नाही त्यानं काय करावं? तिनं ते केलं होतं.

त्यानं त्या काट्यावर एक खूण लावली आणि आण्णांना फोन केला.

“एका ठिकाणी अडकायलंय,” तो म्हणाला.

“फुलांच्या लायनीत ना?” आण्णा म्हणाले.

सुयोगनं लायनीचं नाव काढलं नव्हतं.  तिकडं पंखा फिरत होता.

“तेवढं काढून टाक,” आण्णा म्हणाले. “चारशे माणसं आहेत. एक गेलं तर कुणाला कळत नाही.”

“आईला माहीत आहे?”

“ती स्टाफरूममध्ये जेवायला बसलेली. तिचे गुडघे दुखत होते.” मग थोड्या वेळानं, “तिला कशाला सांगायचं? रविवारी पाहुणे येणार आहेत. काढून टाक.”

काढणं म्हणजे दोन कळा. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा उडवायचा, मागचा पुढं ओढायचा. रेंडर वीस मिनिटांत पूर्ण झालं असतं. दुसरा उपाय फॉर्मचा होता. त्यानं तोही उघडून वाचला. मयत नोंद चुकीची असल्यास जिच्या अंगठ्यानं झाली त्याच व्यक्तीनं कबुली द्यावी. कबुली दिल्यापासून चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या व्यक्तीचा साचे भरण्याचा परवाना गोठवला जाईल. चौकशीला सहा महिने ते एक वर्ष. परवाना नाही म्हणजे स्टुडिओ नाही. आणि रविवारची फिल्मसुद्धा नाही, कारण तीही त्याच परवान्यावर भरायची होती. आधी फिल्म करून मग कबुली द्यावी, तर फिल्म होणार ती तिला कापूनच.

त्यानं दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसला. खाली बेकरीवाला कुणाशी तरी सुट्ट्यावरनं भांडत होता. साडेपाचला सुयोग मशीन तसंच चालू ठेवून घरी गेला. आईनं शेंगोळे केले होते. आण्णांनी रविवारी खुर्च्या किती लागतील ते विचारलं. तो म्हणाला, पंचवीस.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता त्यानं फॉर्म भरला. कारणाच्या चौकटीत काय लिहावं ते सुचेना. तो एवढंच लिहू शकला: व्यक्ती जिवंत आहे. मला तेव्हाही माहीत होतं. अंगठा ठेवला. एक मिनिटानं मशीनवरची हिरवी पट्टी करडी झाली. परवाना गोठला. त्रेसष्टचा आकडाही गेला. जागा रिकामी.

मग त्यानं दोन वर्षांपूर्वीच्या त्या मेसेजला उत्तर दिलं.

सेटिंग माझ्याकडं होतं. बदललंय. वेळ लागेल.

तिनं ते वाचल्याची खूण दुपारी आली. उत्तर आलं नाही. त्याला ते बरोबरच वाटलं.

---

रविवारी अकराला पाहुणे जमले. सांगलीची आत्या आली, कुरुंदवाडचे मामा-मामी, शेजारचे, शाळेतले दोन शिक्षक. आईनं पोह्यांची परात भरून ठेवली होती. आण्णा कोचावर मधोमध, अंगात समारंभात मिळालेला शर्ट.

सुयोग टीव्हीपुढं उभा राहून म्हणाला, फिल्म भरलेली नाही. नुसत्या रेघा आहेत. रेघा बघायला परवाना लागत नाही, म्हणून तेवढ्याच आणल्या.

“आणि परवान्याला काय झालं?” आण्णांनी विचारलं.

“गोठलाय. एक नोंद चुकीची होती. माझ्या अंगठ्यानं झालेली. ती मागं घेतली.”

आण्णांनी त्याच्याकडं बघितलं. खोलीतल्या बाकी कुणाला काही कळलं नाही. आत्या म्हणाली, लाव बाबा जे आहे ते, पोहे गार होतील.

पडद्यावर काळ्या हॉलमध्ये पांढऱ्या रेघांची माणसं आली. कुणाला चेहरा नाही. बोलण्याचा आवाजही नाही. आधी सगळे गोंधळले, मग त्यातच मजा यायला लागली. मामांनी पोटावरनं मुख्याध्यापक ओळखले. मामीनं चालण्यावरनं मामांना ओळखलं आणि म्हणाली, बघा, तुम्ही बदकासारखं चालता हे मी उगाच म्हणत नाही. संस्थेचे अध्यक्ष उठले आणि पंचवीस मिनिटं त्यांच्या रेघांचा जबडा हलत राहिला. जोशी सर म्हणाले, साहेबांचं भाषण आज पहिल्यांदा मनापासून आवडलं. सगळे हसले. आण्णा नाही हसले. ते पुढं काय येणार त्याची वाट बघत होते आणि सुयोग त्यांच्याकडं बघत होता.

फुलांची लाईन सुरू झाली. एक रेघ यायची, वाकायची, जबडा हलवायची, पुढं जायची. कुणी पोह्यांची प्लेट पुन्हा भरून घेतली. मोठ्या रेघांत एक छोटी रेघ आली, हात वर करून. या वेळी तो हात रिकामा नव्हता. दुसऱ्या हातानं धरलेला होता.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात झारा होता.

“थांबव,” ती म्हणाली.

सुयोगनं थांबवलं. ती पुढं आली. कोचावरच्या लोकांतनं वाट काढत टीव्हीपाशी गेली आणि दुमडलेल्या पायाच्या रेघेवर बोट ठेवलं.  आत्यानं पदर तोंडाला लावला, म्हणजे तिलाही समजलं होतं.

“मागं घे.”

त्यानं मागं घेतलं. रेघा पुन्हा आल्या, दोघी, हातात हात. गुलाब दिला. जबडा हलला. आण्णांच्या रेघेचा हात खाली आला, छोट्या डोक्यावर टेकला, उचलला. मग मोठी रेघ कॅमेऱ्यापुढं आली आणि टाळी वाजली. इतक्या वेळच्या खुर्च्यांच्या आणि पावलांच्या आवाजानंतर ती खोलीत एखादी पाटी फुटावी तशी वाजली. मामांनी दचकून मान वर केली.

“पुन्हा घे.”

त्यानं पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा तिनं जबड्यावर बोट ठेवलं.

“इथं काय म्हणाली ती?”

“आवाज नाही गं,” सुयोग म्हणाला. “साच्याशिवाय आवाज भरत नाही. चौकशी झाली की कदाचित येईल. वर्षभरानं.”

“मला वर्षभर नको. काय म्हणाली?”

ती सुयोगला विचारत होती, पण वळली ती कोचाकडं. पंचवीस खुर्च्यांवरची माणसं जमिनीकडं बघत होती. टीव्हीवर रेघा थांबल्या होत्या, जबडा अर्धा उघडलेला. आण्णांनी गुडघ्यावरची प्लेट खाली ठेवली. ठेवताना चमचा वाजला. ते पडद्याकडंच बघत होते. सुयोगला वाटलं, ते आता उठून आत जातील. मोरीकडं जातील. त्यानं टीव्ही बंद करायला रिमोटवर अंगठा नेलासुद्धा.

आण्णा उठले नाहीत. चौतीस वर्षं मैदानावर ज्या आवाजात हजेरी घेतली होती, त्या सपाट आवाजात ते म्हणाले:

“ऋतुजा रावसाहेब तेरदाळे. दहावी ब. दोन हजार अठ्ठावीस.”